माणिकरावांची हादऱ्यांची वही

माणिकराव उजगरे यांच्या घरी तुम्ही पहिल्यांदा चहाला गेलात, तर कपबशी हातात यायच्या आधी प्रश्न येतो, "तुमच्या घरी मांडणी हाय का?" हो म्हणालात की दुसरा, "भिंतीला ठोकलेली, का नुसती टेकवलेली?" पाहुणा गडबडतो. चैतालीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला आलेली मंडळी तर इतकी गडबडली की मुलाच्या आईला वाटलं, हा माणूस लग्न ठरायच्या आधीच मुलीच्या भांड्यांना जागा बघतोय. लग्न जमलं, ही वेगळी गोष्ट. त्या घरची मांडणी आज माणिकरावांच्या वहीत आहे, क्रमांक अडतीस.

तर हा माणूस भूकंप लिहून ठेवतो. केजच्या तहसील कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला, पायात रबरी चप्पल, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. यंत्रबिंत काही नाही. त्यांचं यंत्र म्हणजे गावोगावच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या मांडण्या. वरच्या फळीवर उलटे घातलेले पेले, मधे उभी लावलेली ताटं, खाली हंडे-कळश्या. जमीन जरा थरथरली की पेले किणकिणतात. जोर वाढला की ताटं वाजतात. आणि हंडा वाजला तर? "हंडा वाजला तर मला फोन करू नगा," माणिकराव म्हणतात, "आदी भाईर पळा."

लिहायची शिस्त त्यांना कचेरीनं लावली. कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं होतं. रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, किती मिलिमीटर ते वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे काम नव्या शिपायाच्या गळ्यात पडलं आणि तीस वर्षं तिथंच राहिलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक दिवस रकाना कोरा सोडला, कारण पाऊस नव्हता. हेडक्लार्कनं बोलावून घेतलं. "पाऊस न्हाई तर शून्य लिवायचं. कोरं म्हंजे माणूस आलाच न्हाई. शून्य म्हंजे माणूस आला, बघितलं, आन् न्हवतं." आणखी एक गोष्ट त्याच हेडक्लार्कनं शिकवली. खोडायचं असेल तर पट्टी धरून एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही. माणिकराव फारसे शिकलेले नाहीत, पण एवढं शिकले ते पक्कं शिकले.

आणि वही कशी सुरू झाली, ते किल्लारीमुळे. त्र्याण्णव साली तिकडे भूकंप झाला तेव्हा माणिकराव तीस वर्षांचे होते. केजमध्येही लोक अंथरुणातून पळाले होते. कचेरीतून मदतीचा ट्रक निघाला, त्यावर त्यांना बसवून दिलं. चार दिवस ते एका पत्र्याच्या शेडमध्ये साहेबाच्या टेबलाशी उभे होते. तिथं जे पाहिलं ते त्यांनी मनकर्णाबाईंनाही, म्हणजे बायकोलाही, कधी सांगितलं नाही. एकच गोष्ट सांगतात. रांगेत एक म्हातारा होता, त्याच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. तो साहेबाला म्हणाला, "सायेब, आमच्यात वरीसभर आदीपसून भांडी वाजायची. आमी सांगायचो. पर लिवून कुणी घेतलं न्हाई." साहेबाच्या पुढ्यात कागदांचा ढीग होता. तो म्हणाला, "पुढे." म्हातारा पुढे गेला. माणिकराव परत आले आणि पहिल्या पगारात दोनशे पानी वही घेऊन आले.

आता अशा अकरा वह्या झाल्या आहेत. चैतालीनं फोनमध्ये देशभरातल्या भूकंपांची सरकारी यादी दाखवणारं ॲप घालून दिलं, आणि 'हादरा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून दिला. ग्रुपवर शंभराच्या वर माणसं. म्यानमारला मोठा भूकंप झाला तेव्हा इथं आठवडाभर दुसरा विषय नव्हता. हिंगोलीकडे एकदा सकाळी सात-सव्वासातला धक्का बसला, तेव्हा माणिकरावांकडे दहा वाजेपर्यंत एकेचाळीस फोन आले. त्यांनी कुठं पेले वाजले, कुठं ताटं वाजली हे गावांच्या नावांसमोर मांडलं, आणि पेल्यांची गावं लांबची आणि ताटांची गावं जवळची अशी ओळीनं लागली. त्या दिवशी ते जेवायचे विसरले. मनकर्णाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "लोकांची ताटं वाजल्याली मोजा. आपलं ताट कोण उचलणार?"

ग्रुपवर कुणी 'चोवीस तासांत महाभूकंप, नासाचा इशारा' असलं काही टाकलं की माणिकराव लगेच विचारायचे, "नासाच्या मांडणीवर काय वाजलं?" कुणी ग्रहण काढायचं, कुणी कुत्री भुंकली म्हणायचं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "कुत्रं भुंकलं ही नोंद न्हवं. कुत्र्याला दुसरीबी कामं आस्त्यात." भूकंप कधी होणार हे ते कधीच सांगत नाहीत. "मी सांगत न्हाई. मी लिवतो," हे त्यांचं वाक्य पोराटोरांना पाठ झालं आहे.

या सगळ्यात सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे खोटे हादरे वेगळे काढणं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर जिकडे तिकडे विहिरी खणायला निघतात. खाली खडक लागला की सुरुंग लावतात. त्याला इकडे 'बार' म्हणतात. बार उडाला की अर्धा कोस भांडी वाजतात, आणि लोक लगेच फोन करतात. बार कधी उडतो? मजूर जेवायला वर आले की दुपारी एक ते दोन, आणि सुटायच्या वेळी पाच ते सहा. म्हणून माणिकरावांनी नियमच करून टाकला होता. या दोन वेळांत एकाच गावाहून आलेली नोंद म्हणजे बार. लाल पेन, पट्टी, एक रेघ, बाजूला सही. नियम चांगला होता. वाईट एवढंच की नियम झाला की माणूस विचार करायचा थांबतो.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांना वच्छलाबाईंचे फोन यायला लागले.

वच्छलाबाई बोरमाळच्या. केज-मांजरसुंबा रस्त्यापासून दीड कोस आत, टेकडीच्या पायथ्याला वीस-बावीस घरांची ती वस्ती. वय सत्तरीकडे झुकलेलं. दिवाळी झाली की मुलगा आणि सून ऊसतोडीला जायचे, मग घरात त्या आणि दोन शेळ्या. घर म्हणजे दगडमातीच्या चार भिंती आणि वर पत्रे. माणिकरावांचा नंबर त्यांना पप्पूनं दिला. पप्पू केज-मांजरसुंबा जीप चालवतो, आणि 'हादरा' ग्रुपचा सगळ्यात बोलका सभासद आहे. वच्छलाबाईंकडे बटणांचा साधा फोन, त्यामुळे ग्रुपबिप नाही. त्या थेट फोन करायच्या.

"भाऊ, आता वाजलं. पेले वाजले. ताटं न्हाई वाजली."

"आक्का, आदी आवाज आला का आदी हललं?"

"दोनीबी संगटच. धाडकन् झालं आन् बंद झालं."

"टाइम?"

"शाळंत खिचडीची घंटा आत्ताच झाली बघा."

नोंद कशी असावी तर अशी. शंभर सभासदांत इतकं नेमकं सांगणारं कुणी नव्हतं. पण वेळ दीडची, गाव एकच. माणिकराव निळ्या पेनानं लिहायचे आणि लगेच लाल रेघ मारायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एखाद्या दिवशी ताटंही वाजायची. "आक्का, इहिरीचे बार हायेत ते," ते समजावून सांगायचे. "भूकंप न्हाई. भिऊ नगा."

"बरं भाऊ," त्या म्हणायच्या. "पर भिंतीतनं माती गळती." आणि दुसऱ्या दिवशी दीडला पुन्हा फोन वाजायचा.

आता इथं सुंदररावांबद्दल सांगायला हवं. सुंदरराव दोनदा सरपंच झालेले, शंभर एकरांचे धनी, तालुक्याच्या राजकारणात ऊठबस. बोरमाळच्या टेकडीपलीकडे त्यांचं खडी केंद्र. दगड फोडून खडी करायची आणि रस्त्याच्या कामांना पुरवायची. तेही 'हादरा' ग्रुपवर होते आणि रोज सकाळी न चुकता टाकायचे, 'जय भीम, माणिकराव साहेब.' बाकी सगळ्यांना मिळून एक राम राम, माणिकरावांना वेगळं. ज्या सुंदररावांच्या चहाचे कप माणिकरावांनी कचेरीत तीस वर्षं उचलले, जे तेव्हा "ए, पाणी आन रे" यापलीकडे कधी बोलले नव्हते, त्यांच्या तोंडून 'साहेब' ऐकून या माणसाला बरं वाटायचं. वाटणारच. तुम्हाआम्हालाही वाटलं असतं.

एकदा माणिकरावांनी ग्रुपवर सहज विचारलं की बोरमाळकडे कुणाच्या विहिरीचं काम चालू आहे का. पाच मिनिटांत सुंदररावांचा फोन. "साहेब, दोन-तीन इहिरी चालूयत तिकडं. म्हातारीला काय कळतंय? एकटी ऱ्हाती, फोन करायला कुणीतरी लागतं. तुमी एवढा अभ्यास केल्याली माणसं, तुमी कशाला मनावर घेताव?"

माणिकरावांना एवढंही सुचू नये की विहिरीचे बार आठ-दहा दिवसांत संपतात. पाणी लागतं, नाहीतर मालकाचा धीर सुटतो. दीड महिना रोज बार उडेल अशी विहीर आख्ख्या बीड जिल्ह्यात कुणी खणलेली नाही. सुचलं असतं. पण कौतुकाचं पाणी कानात गेलं की माणसाला कमी ऐकू येतं.

फेब्रुवारी संपत आला. एक दिवस दीड वाजता फोन वाजला, माणिकराव जेवत होते, फोनवर नाव बघितलं आणि पालथा घातला. मनकर्णाबाईंनी विचारलं, "कोण हाय?" ते म्हणाले, "कुणी न्हाई, बोरमाळची आक्का." दुसऱ्या दिवशीही उचलला नाही. वहीत त्या दिवसापुढे त्यांनी काही लिहिलं नाही. बार नाही, शून्य नाही, काहीच नाही. आठ दिवसांनी वच्छलाबाईंचे फोन बंद झाले, आणि खरं सांगायचं तर माणिकरावांना हायसं वाटलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला पप्पूचा फोन आला.

"काका, कुठं हाव? बोरमाळच्या म्हातारीची भिंत पडली."

"आन् आक्का?"

"शेळ्यास्नी पाला टाकाय भाईर गेलती म्हणून वाचली. पायावर एक दगड आलाय. तुमी येताव का? मी जीप घिऊन येतो."

माणिकरावांनी वही उचलली. का उचलली ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. सवय, दुसरं काय. वाटेत पप्पू एकटाच बोलत होता.

बोरमाळला घरासमोर बायका जमल्या होत्या. वच्छलाबाई लिंबाखाली बसल्या होत्या, पाय सुजलेला, त्यावर कुणी हळदीचा लेप लावलेला. टेकडीकडची आख्खी भिंत आत कोसळली होती. पत्रे एका बाजूला लोंबत होते. आतली मांडणी पालथी पडली होती, आणि गंमत अशी की तिच्यावरची बहुतेक भांडी जागची हलली नव्हती. माणिकराव वाकून बघायला लागले. प्रत्येक पेला, प्रत्येक ताट जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी फळीला बांधलेलं होतं. गाठी नीट मारलेल्या, एकसारख्या. फक्त दोन पेले आणि एक ताट मोकळं ठेवलेलं असावं, तेवढी कोपऱ्यात घरंगळली होती.

"हे कावून बांधलं आक्का?"

"रोज पडायली भांडी. उचलून उचलून कटाळा आला. म्हणून बांधली. ही तेवढी मोकळी ठिवली, तुमास्नी सांगाया."

माणिकरावांनी जे विचारायला नको होतं तेच विचारलं. "मग मला फोन कावून न्हाई केला?"

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. "केला की भाऊ. तुमी उचलला न्हाई."

शेजारच्या बाया इकडे-तिकडे बघायला लागल्या. पप्पूनं उगीचच जीपकडे जाऊन आरसा पुसला. माणिकरावांना त्या क्षणी ती पत्र्याची शेड आठवली आणि तो म्हातारा आठवला. 'लिवून कुणी घेतलं न्हाई.' बत्तीस वर्षं ज्या साहेबाला त्यांनी मनातल्या मनात माफ केलं नव्हतं, त्याच साहेबाच्या खुर्चीत ते स्वतः जाऊन बसले होते, आणि 'पुढे' म्हणाले होते. त्यांना लाज वाटली. नुसती लाज नाही, आपल्या अकरा वह्यांची किळस आली.

"आत चुलीजवळ क्यालेंडर हाय बघा," वच्छलाबाई म्हणाल्या. "पडलं नसंल तर काडा."

पडलेल्या मातीतून पप्पूनं ते ओढून काढलं. भिंतीवर लावतात ते साधं, दुधाचा रतीब मांडायचं कॅलेंडर. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या तेरा तारखेपर्यंत तारखांच्या घराघरांत कोळशाचे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे पेले. दोन ठिपके म्हणजे ताटं. काही घरं रिकामी वाटली म्हणून माणिकरावांनी डोळ्यांजवळ नेलं, तर तिथं छोटं गोल होतं.

"हे काय?"

"त्या दिवशी वाजलंच न्हाई. बाजारचा दिवस हुता. कोरं कसं सोडावं? मग गोल काडला."

तीस वर्षं पाऊस मोजलेला माणूस मातीच्या ढिगावर बसून एकेक घर मोजायला लागला. ज्या दिवसांची त्याची वही कोरी होती, ते एकोणीस दिवस या बाईनं भरून ठेवले होते. शून्यासकट. ती कधी शाळेत गेली नव्हती.

मग ते उठले आणि टेकडी चढून पलीकडे गेले. गुडघे दुखत होते तरी गेले. तिथं विहीर नव्हती. सुंदररावांच्या खडी केंद्राच्या बाजूनं टेकडीला मोठा घास मारलेला होता, आणि ताज्या दगडात ड्रिलची भोकं ओळीनं दिसत होती. वच्छलाबाईंचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. हे बघायला त्यांना वीस मिनिटं लागली. दोन महिन्यांत ती वीस मिनिटं त्यांना मिळाली नव्हती.

घरी येऊन त्यांनी अर्ज लिहायला घेतला. अर्ज कसा लिहायचा, कुणाला लिहायचा आणि कोणत्या टेबलावर तो दाबून ठेवतात, हे त्यांच्याइतकं केजमध्ये कुणाला ठाऊक? सोबत वहीतल्या बोरमाळच्या सगळ्या नोंदींची नक्कल, आणि कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स. मनकर्णाबाई शेजारी बसून तारखा वाचत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "आवो, ह्या समद्या तर तुमी खोडल्यात."

"खोडल्यात. पर वाचाय येत्यात न्हवं?"

"येत्यात."

"मग वाच."

अर्ज कचेरीत आवक होऊन दोन दिवस झाले असतील, सुंदरराव स्वतः घरी आले. पांढरी गाडी गल्लीत मावेना, म्हणून तोंडालाच लावली. खुर्चीत बसले, मनकर्णाबाईंनी दिलेला चहा घेतला. या घरातला चहा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतला होता, हे माणिकरावांच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.

"साहेब," सुंदरराव म्हणाले, "मी तुमचा अर्ज बघितला. तुमी शाना माणूस. आपल्या मराठवाड्यात जिमिनीतनं आवाज येतच आस्त्यात, तुमीच सांगताव ग्रुपवर. ती भिंत जुनी हुती, पडली. म्हातारीला मी घर बांधून देतो, माझा शब्द."

"अण्णा, त्या दिवशी तुमी इहिरीचे बार म्हणला हुता. आता जिमिनीतला आवाज झाला का?"

सुंदररावांनी कप खाली ठेवला. आवाज मात्र तसाच मऊ. "बरं, ते राहू द्या. तुमच्याच वहीत तुमी लाल पेननं खोडलंय. तुमची सही हाय. भूकंप न्हाई म्हणून तुमीच लिवलंय. मग अर्ज कशाचा करताव?"

मनकर्णाबाई दारात थांबल्या. माणिकरावांनी खिशातलं लाल पेन काढलं, दोन बोटांत फिरवलं आणि परत खिशाला लावलं.

"भूकंप न्हाई, म्हणूनच अर्ज केलाय अण्णा," ते म्हणाले. "भूकंप असता तर अर्ज कुणाला दिला असता? धरणीला मालक न्हाई. बाराला मालक हाय."

सुंदरराव उठले. जाताना जय भीम म्हणाले नाहीत. त्याच संध्याकाळी ते ग्रुपमधून बाहेर पडले.

पाहणी झाली. नवीन आलेल्या नायब तहसीलदार बाई स्वतः बोरमाळला गेल्या. त्यांनी अंतर टेपनं मोजून घेतलं, ड्रिलच्या भोकांचे फोटो काढले आणि सुरुंगाच्या परवानगीचा कागद मागितला. खडी केंद्राच्या मुनिमानं दगड फोडायचे बरेच कागद दाखवले, सुरुंगाचा एकही नव्हता. तरी तो म्हणालाच, "मॅडम, हिकडं नैसर्गिक आवाज येत्यात." बाईंनी माणिकरावांकडे बघितलं. त्यांनी कॅलेंडरची झेरॉक्स पुढे केली आणि गोलांवर बोट ठेवलं. "हे बाजारचे दिवस. मजूर बाजारला गेलते. धरणी बाजारला जात न्हाई मॅडम." बाई हसल्या नाहीत, पण लिहून घेतलं. माणिकरावांना तेवढं पुरेसं होतं.

बार बंद झाले. कायमचे का, ते कुणी लिहून दिलेलं नाही. सुंदररावांनी शब्द दिलेलं घर अजून शब्दातच आहे. पडलेल्या बाजूला पप्पूनं आणि ग्रुपवरच्या पाच-सहा जणांनी एका रविवारी लाकडं उभी करून पत्रे ठोकून दिले. मांडणी पुन्हा उभी राहिली. वच्छलाबाईंनी चिंध्या सोडल्या, धुतल्या आणि घडी करून ठेवल्या, लागल्याच तर असाव्यात म्हणून. माणिकरावांचंही काही सोपं नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या फोन बघायची आणि तो 'साहेब' शोधायची सवय सुटायला पंधरा दिवस लागले. मनकर्णाबाईंनी ते ओळखलं होतं.

आणि रोज दीड वाजता, खिचडीची घंटा झाली की, बोरमाळहून फोन यायचा.

"भाऊ, आज काईच न्हाई."

"बरं आक्का." निळं पेन. बोरमाळ, दीड वाजता, शून्य.

"काईच न्हाई तर फोन कशाला करती म्हातारी?" मनकर्णाबाई मुद्दाम विचारायच्या. माणिकराव वहीतलं शून्य दाखवायचे, आणि त्या हसून भाकरी थापायला लागायच्या.

एप्रिलमध्ये एका दिवशी दीड वाजला, फोन आला नाही. पावणेदोन झाले. माणिकरावांनी फोन सुलटा करून बघितला, आवाज चालू आहे ना ते बघितलं. दोन वाजता त्यांनी ताट बाजूला सारलं आणि स्वतः नंबर लावला. तिकडे चार वेळा वाजला, पाच वेळा वाजला. सहाव्या वेळी उचलला.

"आक्का! बऱ्या हाव न्हवं? काय वाजलं का?"

"न्हाई भाऊ. काईच न्हाई वाजलं."

"मग फोन कावून न्हाई केला?"

मागे शेळी ओरडल्याचं ऐकू आलं.

"तुमी करताव का न्हाई, ते बघत हुते."

"करतो आक्का," माणिकराव म्हणाले. फोन ठेवून त्यांनी वही ओढली, निळं पेन काढलं आणि लिहिलं, बोरमाळ, दोन वाजता, शून्य. मग बाजूला सही केली, आणि गार झालेलं ताट पुढ्यात घेतलं.